पाणी जातं कुठे? जुन्या गाडीची कूलंट गळती शोधताना

पद्मिनी किंवा अँबॅसेडर घरी आणली की पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत बहुतेकांना हे कोडं पडतं. रेडिएटर काठोकाठ भरावा आणि आठवड्याने झाकण उघडावं, तर पाणी दोन बोटं खाली गेलेलं. गाडीखाली थेंब नाही, इंजिनावर ओल नाही, तापमानाचा काटाही जागच्या जागी. गॅरेजात नेली की आधी वॉटर पंप बदलतात, मग होज पाईप बदलतात. पाणी जायचं ते जातंच.

कोकणात हे कोडं आणखी अवघड होतं, कारण इथे गळतीचा पुरावा टिकत नाही. अंगणात जांभ्याचे चिरे असतील तर पडलेला थेंब चिरा पिऊन टाकतो. जून ते सप्टेंबर गाडी आतून-बाहेरून ओलीच असते. लाल मातीचे ओघळ आणि गंजाचे ओघळ लांबून सारखेच दिसतात, आणि खाऱ्या वाऱ्याने रेडिएटरच्या जाळीवर हिरवट-पांढरं कीट तसंही धरतं. म्हणून नुसती थेंबाची वाट बघू नका. आधी मोजा, मग दाब देऊन बघा, आणि जागा डोळ्यांना दिसेपर्यंत एकही सुटा भाग विकत घेऊ नका. पुढचा क्रम स्वस्त तपासणीकडून महागाकडे जाणारा आहे. मधली पायरी गाळलीत तर पैसे तिथेच जातात.

गळती खरंच आहे का?

जुन्या बऱ्याच गाड्यांना कूलंटची वेगळी बाटली नसते. रेडिएटरच्या मानेतून, म्हणजे पाणी भरायच्या तोंडातून, एक बारीक नळी खाली सोडलेली असते, जादा झालेलं पाणी तिथून रस्त्यावर जातं. ३० अंशांचं पाणी ९० अंशांपर्यंत तापलं की सुमारे ३ टक्के फुगतं, कूलंट मिसळलेलं त्याहून थोडं जास्त. ७ लिटरच्या हिशेबात हे २०० मिलीच्या वर जातं. रेडिएटर गळ्यापर्यंत भरलात तर हे २०० मिली पहिल्याच फेरीत बाहेर पडणार. दुसऱ्या दिवशी पातळी खाली दिसते म्हणून पुन्हा भरायचं आणि ते पुन्हा बाहेर. हा खेळ वर्षानुवर्षं चालू शकतो आणि गाडीत दोष काहीच नसतो.

त्यामुळे पहिला आठवडा एवढंच करा. थंड इंजिनावर पातळी मानेच्या २ ते ३ सेंटीमीटर खाली ठेवा. आतल्या नळ्यांची तोंडं पाण्याखाली असली म्हणजे पुरे. बांबूच्या पातळ काडीवर खूण करून ठेवा. रोज सकाळी, गाडी त्याच सपाट जागी उभी असताना, काडी बुडवून बघा. दोन-तीन दिवसांत पातळी एका जागी स्थिरावली तर गळती नव्हतीच.

घसरतच राहिली तर वही काढा. तारीख, किलोमीटर, घाट की सपाटी, आणि खुणेपर्यंत भरायला किती मिली लागलं, एवढ्याच नोंदी. पाणी मापाच्या बाटलीनेच घाला, तांब्याने नको. चार-पाच नोंदींत एक गोष्ट उघड होते. पाणी किलोमीटरच्या हिशेबाने कमी होत असेल तर गळती तापल्यावर, दाबाखाली होते आहे. गाडी नुसती उभी असतानाही दिवसांच्या हिशेबाने कमी होत असेल तर थंडीत होते आहे, आणि बहुतेक वेळा दोष क्लिपा, होज पाईप किंवा खालच्या कॉकमध्ये (पाणी सोडायच्या तोटीत) सापडतो. रबर आणि धातू गार झाल्यावर सारख्या प्रमाणात आकसत नाहीत, म्हणून रात्रभर गळणारा जोड दुपारी कोरडा दिसतो.

नंतर एसी बसवून घेतलेली गाडी असेल तर आणखी एक गोष्ट. किनाऱ्याच्या दमट हवेत एसीचं पाणी भरपूर गळतं. ते स्वच्छ असतं, बोटांना बुळबुळीत लागत नाही आणि त्याला वास नसतो. कूलंट बुळबुळीत आणि गोडसर वासाचं असतं. ते चाखून मात्र कधीही बघू नका. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे. गोड चवीमुळे कुत्री-मांजरं ते चाटतात, म्हणून जमिनीवर सांडलेलं लगेच धुऊन काढा.

झाकण

गरम इंजिनावर झाकण उघडू नका. दाबाखालचं पाणी १०० अंशांच्या वर असूनही उकळत नाही, झाकण सैल होताच क्षणात उसळून हाता-तोंडावर येतं. वरचा होज पाईप हाताला गार आणि मऊ लागेपर्यंत थांबा.

झाकणावर दाबाचा एक आकडा असतो, ७ पीएसआय किंवा ०.९ बार वगैरे. समुद्रसपाटीला साधं पाणी १०० अंशांना उकळतं, ७ पीएसआय दाबाखाली सुमारे १११ अंशांना. झाकणाचं रबर कडक किंवा चिरलेलं असेल तर हा दाब धरला जात नाही, आणि चढावर पाणी उकळून मानेच्या बारीक नळीने निघून जातं. आंबोली सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे, तिथे उघडं पाणी ९८ अंशांच्या आतच उकळतं. सावंतवाडीत ठीक वाटणारं झाकण वर पोचल्यावर दगा देतं ते यामुळे.

झाकण उलटं करून बघा. मधली छोटी झडप बोटाने ओढल्यावर उघडून परत बसली पाहिजे. ती अडकली असेल तर इंजिन गार होताना आत पोकळी होते आणि वरचा होज पाईप चपटा पडतो. रेडिएटरच्या मानेची आतली कडही तपासा. तिथे चरा किंवा कीट असेल तर नवं झाकणही धरत नाही. शंका असेल तर आकडा तोच ठेवून झाकण बदला, सगळ्या दुरुस्तीत सर्वांत स्वस्त काम हेच. जास्त आकड्याचं झाकण लावू नका. रेडिएटरच्या शिवणीचा जुना डाख तो जादा दाब सोसत नाही.

धुवा, वाळवा, मग बघा

घाणेरड्या इंजिनावर गळती शोधणं म्हणजे चिखलात सुई शोधणं. डिस्ट्रिब्यूटर आणि कार्बोरेटर प्लॅस्टिकच्या पिशवीने बांधा आणि इंजिन साबणाच्या पाण्याने धुवा. रॉकेल किंवा डिझेलने धुतलं तर तेलकट थर उरतो आणि त्यावर कूलंटचा माग लागत नाही. पावसाळ्यात हे काम पत्र्याच्या शेडमध्ये किंवा मांगरात करा, आणि टायरवाल्याकडची हवा मारून किंवा एक दिवस उभी ठेवून गाडी पूर्ण कोरडी होऊ द्या. मग संशयाच्या जागांवर टाल्कम पावडर भुरभुरवा. ओल जिथून निघेल तिथून पावडरीत रेघ उमटते.

गाडीखाली पांढरा पुठ्ठा अंथरा आणि त्यावर चाकांच्या जागा पेनाने खुणावून ठेवा, म्हणजे डाग कुठल्या भागाखाली पडला ते नंतर कळेल. पण डाग जिथे पडतो तिथेच गळती असते असं समजू नका. पाणी कडेकडेने ओघळत सर्वांत खालच्या बोल्टवर येतं आणि तिथून टपकतं. नेहमी वरून खाली शोधा. ओला भाग दिसला की त्याच्यावर काय आहे ते बघा.

बॅटरी (टॉर्च) आणि छोटा आरसा घेऊन या जागा बघा:

होज पाईपांची टोकं. दाबल्यावर स्पंजासारखा मऊ किंवा लाकडासारखा कडक लागणारा पाईप गेलेला आहे. क्लिप सोडून पाईप सरकवा आणि आतली धातूची मान बघा. ॲल्युमिनियमची मान पाईपाखाली खड्डे पडून कुरतडलेली असते. तिच्यावर क्लिप कितीही आवळा, पाणी खड्ड्यातून वाट काढतं, आणि जास्त आवळल्याने पाईप कापला जातो. किनाऱ्यावर साध्या क्लिपा लवकर सडतात. पट्टी आणि स्क्रू दोन्ही स्टेनलेस स्टीलचे असलेल्या क्लिपा घ्या.

वॉटर पंप. पंपाच्या पोटाखाली एक बारीक भोक असतं. आतलं सील गळायला लागलं की पाणी बेअरिंगमध्ये न जाता या भोकातून बाहेर यावं यासाठीच ते ठेवलेलं आहे. तिथून खाली पांढरा किंवा गंजाचा ओघळ सुकलेला असेल तर सील गेलं. भोक एम-सीलने बुजवणारे भेटतात. तसं केलं की पाणी बेअरिंगमध्ये शिरतं, पंप जाम होतो आणि पंखा रेडिएटरवर आदळू शकतो. इंजिन बंद असताना पंख्याची पाती धरून पुढे-मागे हलवा. या गाड्यांत पंखा बहुधा पंपाच्याच शाफ्टवर असतो, म्हणून पात्यात खेळ जाणवला तर बेअरिंग गेलं. बेल्ट मध्यावर अंगठ्याने दाबल्यावर साधारण १२ मिलिमीटर आत जायला हवा. त्याहून ताणलेला बेल्ट नव्या पंपाचंही बेअरिंग खातो.

ब्लॉकच्या (इंजिनाच्या मुख्य धडाच्या) बाजूचे कोअर प्लग, म्हणजे पत्र्याची गोल बुचं. साध्या पाण्यावर चाललेल्या इंजिनात ती आतून गंजतात आणि बाहेर टाचणीएवढं भोक पडतं. मॅनिफोल्डमागचं (इंजिनाला जोडलेल्या धुराच्या नळ्यांमागचं) आणि गिअरबॉक्सच्या बाजूचं बूच आरशाशिवाय दिसत नाही, आणि बहुतेकदा गळतं ते नेमकं तेच. बदलायचीच झाली तर पितळेची घ्या, आणि एक गेलं असेल तर सगळीच बदला.

थर्मोस्टॅटच्या झाकणाचं पॅकिंग, रेडिएटरच्या टाकीची डाख लावलेली शिवण, आणि रेडिएटरचा व ब्लॉकचा कॉक. कॉक मुळीच विसरू नका. त्यात बारीक कण अडकला की तो थेंब थेंब गळत राहतो आणि कोणी तिकडे बघतही नाही. रेडिएटरखालची रबरं गळून पडली असतील तर खड्ड्यांचे हादरे सरळ शिवणीला बसतात. अशा वेळी रबरं न बसवता नुसता डाख लावलात तर शिवण पुन्हा उघडते.

परदेशी गाडीला हीटर असेल तर पुढच्या सीटपुढचं कार्पेट हाताने दाबून बघा. ओल, गोडसर वास आणि काचेवर आतून चिकट धुकं म्हणजे हीटरची जाळी गळते आहे. इथे हीटर लागत नाही. दोन्ही नळ्या एकाच होज पाईपाने जोडून हीटर वेगळा केला तरी चालतं.

थंड इंजिनावर दाब

वर काही सापडलं नाही तर हातपंपाचा प्रेशर टेस्टर लागतो. गॅरेजातून उसना घ्या, पण तुमच्या रेडिएटरच्या मानेवर बसणारा जोड त्यात आहे की नाही हे आधी बघा. जुन्या गाड्यांच्या मानेचं माप वेगळं असू शकतं.

इंजिन थंड, रेडिएटर पूर्ण भरलेला. टेस्टर लावा आणि झाकणावरच्या आकड्यापर्यंत दाब द्या, त्याच्या वर नको. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर जोडायचा मोह टाळा, जुन्या रेडिएटरची टाकी फाटते. १५ ते २० मिनिटं थांबा. काटा हलला नाही तर थंड अवस्थेत गळती नाही. काटा उतरला तर बॅटरी घेऊन पुन्हा वरच्या जागा फिरा. आता इंजिन बंद आहे, पंखा थांबलेला आहे, काही तापलेलं नाही. त्यामुळे चालत्या इंजिनावर कधीच न दिसणारी बारीक धार इथे स्पष्ट दिसते. कानही द्या, हवेची फुसफुस ऐकू येते.

काटा उतरतो आहे आणि बाहेर सगळं कोरडं, तर पाणी आत जातं आहे. स्पार्क प्लग काढा, इग्निशनची वायर सोडा, दाब तासभर राहू द्या. मग प्लगच्या भोकांपासून बाजूला उभं राहून स्टार्टर क्षणभर मारा. ज्या भोकातून पाण्याचा फवारा येईल तो सिलिंडर दोषी. सिलिंडरमध्ये पाणी असल्याचा संशय असेल तर प्लग लावलेले ठेवून स्टार्टर कधीही मारू नका. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

गरम इंजिन

थंड परीक्षेत पास झालेली गाडी घाटात नापास होऊ शकते. बारीक चीर धातू तापल्यावरच उघडते, आणि निघालेलं पाणी मॅनिफोल्डवर पडून वाफ होऊन जातं, म्हणून जमिनीवर काहीच सापडत नाही. कुंभार्ली, आंबा किंवा फोंडा, जवळचा कुठलाही घाट एकदा चढून या. वर सपाट जागी गाडी बंद करा आणि बॉनेट उघडा, रेडिएटरचं झाकण मात्र बंदच ठेवा. इंजिन बंद केलं की पंप आणि पंखा थांबतो, पण ब्लॉकमधली उष्णता पाण्यात येतच राहते. बंद केल्यावरच्या पहिल्या ५ ते १५ मिनिटांत तापमान आणि दाब चालत्या गाडीपेक्षाही वर जातो, म्हणून चहाच्या टपरीवर थांबल्यावर गाडी गळते. ही दहा-पंधरा मिनिटं बॅटरी घेऊन इंजिनाकडेच बघत राहा.

काट्यावर विसंबू नका. पाणी फार कमी झालं की तापमानाचा सेन्सर उघडा पडतो आणि तो पाण्याचं नाही तर हवेचं तापमान सांगायला लागतो. इंजिन जळत असताना काटा खाली येऊ शकतो.

तरीही सापडत नसेल तर अतिनील प्रकाशात चमकणारा रंग कूलंटमध्ये टाका, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणातच. दोन-तीन दिवस गाडी चालवा आणि रात्री, अंधारात, अतिनील टॉर्च मारून बघा. पाऊस, लाल माती, एसीचं पाणी यांतलं काहीच चमकत नाही. कोकणासाठी सर्वांत प्रामाणिक साक्षीदार हाच, आणि पावसाळ्यात तर दुसरा जवळपास नाहीच.

हेड गॅस्केट

हेड म्हणजे ब्लॉकवरचं झाकण, आणि गॅस्केट म्हणजे त्या दोघांमधलं पॅकिंग. इथे घाई करून हेड उतरवणारे बरेच असतात. आधी खुणा जुळवा.

थंड इंजिन झाकण काढून चालू करा. मानेत सतत बुडबुडे येत राहिले तर जळलेला वायू पाण्यात शिरतो आहे. नुकतंच पाणी भरलं असेल तर अडकलेली हवाही निघते, पण ती थोड्या वेळात थांबते. झाकण लावून थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिट-दोन मिनिटांत, पाणी तापण्याआधीच, वरचा होज पाईप दगडासारखा झाला तर तीच खूण. खात्रीसाठी निळ्या द्रावाची चाचणी करा. मानेतली हवा त्या द्रावातून ओढली आणि पेट्रोल इंजिनात तो पिवळा झाला तर निकाल लागला. आधी पाणी ५ सेंटीमीटर खाली काढा, द्रावात कूलंट ओढलं गेलं तर चाचणी वाया जाते.

ऑइलच्या झाकणाखाली दुधी फेस दिसला म्हणजे गॅस्केट गेलं असं पावसाळ्यात तरी समजू नका. बाजार ते घर अशा छोट्या फेऱ्यांत दमट हवेची वाफ तिथे जमते. सलग ४०-५० किलोमीटर गाडी चालवा, तो फेस निघून जातो. डिपस्टिकवरचं ऑइलच दुधी असेल आणि त्याची पातळी वाढली असेल तर ते खरं. डिपस्टिकवरचा एक थेंब तापवलेल्या पत्र्याच्या तुकड्यावर टाका. चरचर तडतडला तर त्यात पाणी आहे. अशा ऑइलवर इंजिन चालवू नका, बेअरिंगं जातात.

सायलेन्सरमधून पांढरी वाफ सकाळी सगळ्याच गाड्यांना येते. इंजिन तापल्यावरही येत राहिली आणि गोडसर वास आला तर ते कूलंट आहे. प्लग काढून बघा, चौघांपैकी एकच धुतल्यासारखा लख्ख असेल तर तिथे पाणी जातं आहे.

हेड उतरवावंच लागलं तर पद्मिनीवाल्यांनी विशेष लक्ष द्या. तिच्या १०८९ सीसी इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. मधे मचूळ पाणी असलं की दोन धातूंत बॅटरीसारखी क्रिया होते आणि हेडच्या पाण्याच्या भोकांभोवती खड्डे पडतात. अँबॅसेडरच्या १४८९ सीसी इंजिनात दोन्ही बिडाचं, तिथे हा त्रास कमी, गंज जास्त. हेडवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) वाक मोजा. फेसिंग करायला, म्हणजे हेड घासून सपाट करायला, कोल्हापूरच्या उद्यमनगरात नेणं सोयीचं पडतं. बोल्ट मधून बाहेरच्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्ह्यानेच आवळा. आकडा तुमच्या मॉडेलच्या पुस्तकातला घ्या, दुसऱ्या गाडीचा नको.

कोणतं पाणी

निम्म्या गळत्यांचं मूळ इथे आहे. खाडीकाठच्या विहिरीचं पाणी मचूळ असतं, जांभ्यातल्या झऱ्याच्या पाण्यात लोह असू शकतं. दोन्ही रेडिएटरला घातक. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर वापरा. इथे बर्फ पडत नाही, म्हणून एक तृतीयांश कूलंट पुरतं. ७ लिटरला सुमारे २.३ लिटर कूलंट आणि ४.७ लिटर पाणी. बाटली घट्ट कूलंटची आहे की आधीच पाणी मिसळलेली, हे लेबलवर वाचा. मिसळलेल्यात पुन्हा पाणी घालू नका. पितळी रेडिएटर आणि डाखासाठी जुन्या पद्धतीचं, सिलिकेट असलेलं कूलंट घ्या आणि दर दोन वर्षांनी बदला. रंगावरून जात ठरवू नका, आणि दोन जाती एकत्र करू नका, आत गाळ होतो.

वर्षानुवर्षं साध्या पाण्यावर चाललेल्या गाडीत पहिल्यांदा कूलंट घातलं की ती अचानक गळायला लागते. कूलंट गंज सोडवतं आणि पाण्यापेक्षा बारीक फटीतून निघतं. भोक आधीच होतं, गंजाने बुजलेलं होतं. परत पाण्यावर जाऊ नका, ते भोक दुरुस्त करा.

हळद किंवा लीक पावडर घाटात अडकल्यावर घरी पोचवते, हे खरं. पण तीच रेडिएटरच्या अरुंद नळ्यांतही बसते. घरी आल्यावर त्याच दिवशी सगळं काढून, स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा.

काढलेलं कूलंट परसात ओतू नका. जांभा झिरपतो, ते विहिरीत उतरतं. झाकणाच्या कॅनमध्ये, जुन्या ऑइलमध्ये न मिसळता भरून ठेवा आणि ज्या गॅरेजात कूलंट वेगळं गोळा करतात तिथे द्या.

दुरुस्तीनंतर १०० किलोमीटरवर, इंजिन थंड असताना, क्लिपा एकदा आवळा. वही चालूच ठेवा. सपाटीच्या चार नोंदी शून्य आल्या की घाट चढून पाचवी घ्या. तीही शून्य आली तर पुठ्ठा उचलायला हरकत नाही.